काठावरचे आम्ही

मार्च २०२४ मधील गोष्ट. बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने शहरातील पोहण्याच्या तलावांत पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई केली असून हुकूम मोडणारास ५,००० रुपये दंड ठरविला आहे, ही बातमी आम्ही सकाळच्या चहाबरोबर वाचली. आदल्या वर्षी पावसाने दगा दिलेला, कूपनलिका आटलेल्या, टँकरपुढे घागरींच्या रांगा लागलेल्या. ज्या नगरीस सुमारे शंभर किलोमीटरांवरून कावेरीचे पाणी पंपांनी चढवून आणावे लागते, तिने अशा वेळी घागरीला आधी मान द्यावा आणि हौदाला मागे ठेवावे यात गैर काही नाही. निवृत्त सरकारी नोकराच्या न्यायबुद्धीने आम्ही तो हुकूम मनोमन मंजूर केला. चहा मात्र निवून गेला. कारण त्या शहरातल्या पोहण्याच्या एका तलावाने आमच्याकडून एक जुने येणे वसूल केले होते, आणि तो कोरडा पडल्याची कल्पना आम्हांस एकदम सोसेना.

आमची बदली बंगळुरास झाली ती २००६ च्या जून महिन्यात. बिऱ्हाड यशवंतपुरास मिळाले. बदलीचा हुकूम हाती पडला की माणूस प्रथम गावाच्या नावातच काही आपलेपण सापडते का ते पाहतो, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. 'यशवंतपूर' हे नाव ऐकून आमच्या मातोश्रींना तर आपण कऱ्हाडच्या आसपासच कुठे तरी चाललो आहोत असे वाटले होते! स्टेशनात उतरल्यावर कळले की नावाखेरीज दुसरे काहीच ओळखीचे नाही. नाही म्हणावयास, तेथल्या बाजार समितीच्या आवारात महाराष्ट्रातून कांद्याच्या मालमोटारी येत. आपल्याकडचा क्रमांक दिसला की आम्ही उगाच रेंगाळत असू. ड्रायव्हरशी दोन शब्द बोलल्यावाचून आमच्याने तेथून पाय निघत नसे, आणि तोही बिचारा 'साहेब, कांदा घ्यायचाय का?' असे विचारून आमची भावविवशता जमिनीवर आणीत असे.

पहिले वर्ष असे काठाकाठाने गेले. कचेरीत इंग्रजी, दुकानात हिंदी, घरात मराठी आणि रविवारी गांधीनगरातील महाराष्ट्र मंडळ. कानडीवाचून आमचे काहीच अडले नाही, असे आम्ही अभिमानाने सांगत असू. २००७ चा एप्रिल आला तेव्हा थोरली बारा वर्षांची होती आणि धाकटा आठ. बंगळूरचा उन्हाळा नागपूर-जळगावकडच्या माणसाने हसून उडवून द्यावा असा. पण सरकारी बिऱ्हाडाच्या गच्चीखाली दुपारी दोन वाजता तोही पुरेसा असतो. मुले भांडू लागली. तेव्हा सौभाग्यवतींनी तोडगा काढला : सँकी तलावालगत महापालिकेचा पोहण्याचा तलाव आहे, शनिवार-रविवार तेथे जायचे.

सँकी तलाव हा १८८२ साली कर्नल रिचर्ड सँकी यांनी शहराच्या पाण्याची सोय म्हणून बांधवला. त्याच्या शेजारी हा दुसरा, निळ्या फरशीचा. पुण्याचे लोक त्याला टिळक टँकवरून 'टँक' म्हणतील. मल्लेश्वराच्या त्या बाजूस एका वस्तीचे नावच मुळी 'स्विमिंग पूल एक्स्टेन्शन' असे आहे. देवावरून, राजावरून, पुढाऱ्यावरून वस्त्यांना नावे पडतात. पोहण्याच्या हौदावरून पडलेले नाव आम्ही प्रथमच पाहिले आणि त्या वस्तीतल्या लोकांविषयी आमच्या मनात आदर उत्पन्न झाला.

चौघे एका रिक्षात बसून निघत असू. सर सी. व्ही. रामन यांच्या नावाचा रस्ता, दोन्ही बाजूंना दाट झाडी, एका अंगाला १९०९ साली स्थापन झालेली विज्ञान संस्था. तिला जुने रिक्षावाले अजून 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणत. गुलमोहर नुकते पेटू लागलेले असत. वारा अनुकूल असला तर चंदनी साबणाच्या सरकारी कारखान्याचा वास यशवंतपूरभर पसरे. परतल्यावर अंगाचा क्लोरिनचा वास घालविण्यासाठी आम्ही त्याच साबणाची वडी वापरीत असू. आजही ती वडी कोणी कागदातून सोडली की आमच्या डोळ्यांपुढे दोरीवर टांगलेले चार ओले टॉवेल येतात.

टॉवेल चार, पण भिजणारी डोकी दोनच. सौभाग्यवती काठावरच्या पायरीवर बसून मुलांच्या डोक्यांवर नजर ठेवीत. आम्ही तिच्या शेजारी बसून वर्तमानपत्र वाचीत असू. पोहणे शिकविणारे गृहस्थ साठीचे, काळेसावळे, पाण्याने सुरकुतलेल्या बोटांचे. सगळे त्यांना 'मेष्ट्रू' म्हणत. आपल्या मास्तराचेच हे कानडी रूप. त्यांना हिंदी येत नव्हते आणि मुलांना कानडी. पहिल्या दिवशी धाकट्याने कठड्याचा गज असा धरला की जणू तोच त्याचा जन्मदाता. मेष्ट्रू पाण्यातून ओरडत होते, 'कै बिडी! कै बिडी!' आमची सौभाग्यवती चमकून म्हणाली, 'अहो, ते बिडी का मागताहेत?' शेजारच्या एका बाईंनी हसत सांगितले की 'बिडी' म्हणजे सोडा. 'कै बिडी' म्हणजे हात सोडा. थोड्या वेळाने 'कालु होडी' असा पुकारा झाला, तेव्हा आमच्या चिरंजिवांनी होडी कुठे आहे म्हणून चौफेर पाहिले. 'होडी' म्हणजे मार, पाय मार! तिसऱ्या आठवड्यात दोन्ही मुले कठडा सोडून पाय मारीत होती, आणि घरी आल्यावर आपसांत कानडीतून भांडत होती. आम्ही वर्षभरात जेवढी कानडी शिकलो नव्हतो तेवढी त्यांनी वीतभर पाण्यात शिकून घेतली.

पोहून झाल्यावर बाहेर चुरुमुरी. नावावरून ओळखाल, आपलेच चुरमुरे. त्यात किसलेले गाजर, कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि डोळ्यांतून पाणी काढणारी मिरची. एखाद्या रविवारी मर्जी लागली तर मल्लेश्वरातल्या सेंट्रल टिफिन रूमपर्यंत मजल जाई. तेथल्या लोणी डोशाविषयी लिहू लागलो तर हा लेख भलतीकडेच जाईल.

आता मूळ गोष्टीकडे यायला हवे. ते आम्ही लांबणीवर टाकीत आहोत हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानी आलेच असेल.

आमचे गाव वाई. कृष्णेचा काठ, ओळीने घाट, आणि ढोल्या गणपतीच्या देवळाची ती माशाच्या आकाराची मागची भिंत, पुराचे पाणी दुभंगावे म्हणून तशी बांधलेली. मुले लहान असल्यापासून निजताना आम्ही त्यांना कृष्णेच्या गोष्टी सांगत आलो होतो. पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकण्याची गोष्ट. वरच्या दरडीवरून डोहात मुटका मारण्याची गोष्ट. श्रावणात तांबडे पाणी चढले असता पैलतीरी जाऊन कणसे चोरून आणण्याची गोष्ट. 'आम्ही दरडीवर चढत असू, आम्ही नाक धरीत नसू, आम्ही डोळे मिटत नसू.' गोष्टी मुलांना पाठ होत्या आणि बंगळूरच्या हौदाने त्यांची किंमत एकदम वाढविली.

त्यात २००८ च्या उन्हाळ्यात एक ठिणगी पडली. सौभाग्यवतींचे माहेर कोल्हापूर. त्या वर्षी कोल्हापूरचा वीरधवल खाडे हा सोळा वर्षांचा मुलगा बंगळुरातच निहार अमीन यांच्या हाताखाली सराव करीत बीजिंगच्या ऑलिंपिककडे निघाला होता. पुढे २०१० च्या ग्वांगझू एशियाडमध्ये त्याने पन्नास मीटर बटरफ्लाय शर्यतीत कांस्यपदक मिळविले. एशियाडमध्ये पोहण्याचे पदक भारताला १९८६ नंतर प्रथमच लाभले होते. पुढे महाराष्ट्र शासनाने त्यांना तहसीलदार नेमले. २०१८ च्या जाकार्ता एशियाडमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइलचे कांस्यपदक त्यांच्या हातून एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने निसटले. फायलींचा प्रवास महिन्यांत मोजणाऱ्या आपल्या जमातीत सेकंदाचा शंभरावा भाग ओळखणारा एक तरी अधिकारी आहे, याचा आम्हांस अभिमान वाटतो. पण हे सगळे नंतरचे. २००८ मध्ये थोरलीने वर्तमानपत्रातले त्याचे छायाचित्र कापून कपाटाला चिकटविले आणि सौभाग्यवती म्हणाली, 'पोहणे आमच्या कोल्हापूरच्या रक्तातच आहे.'

हे वाईकराला कसे सहन व्हावे? आम्ही त्या रात्री डोहाची गोष्ट पुन्हा सांगितली, आणि दरड हातभर उंच केली.

मातोश्री त्या उन्हाळ्यात आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना पोहण्याच्या तलावाचे कौतुक नव्हते. मल्लेश्वरातले काडू मल्लेश्वराचे देऊळ मात्र त्यांना फार आवडले. तेथे एकोजीराजांचा १६६९ सालचा शिलालेख आहे. या देवासाठी त्यांनी गाव दान दिल्याची नोंद त्यात कानडीत कोरली आहे. शहाजीराजांचे चिरंजीव, आपल्या महाराजांचे सावत्र बंधू, या मुलखात कारभार करताना दानपत्र येथल्या भाषेत लिहवितात, आणि आम्ही जवळजवळ दोन वर्षांत भाजीसुद्धा कानडीत घेऊ शकत नाही, हा विचार आमच्या मनात आला आणि आम्ही तो त्वरेने घालवून दिला. देवळासमोर नंदीतीर्थ आहे. ते कैक वर्षे मातीखाली बुजलेले होते आणि १९९७ साली उकरून मोकळे केले. नंदीच्या मुखातून पाण्याची धार खालच्या पिंडीवर पडते आणि पुढे कल्याणीत, म्हणजे पायऱ्यांच्या चौकोनी कुंडात, जाते. मुलांना पोहायला सोडून आम्ही मातोश्रींना तेथे घेऊन जात असू. एका रविवारी थोरलीला थोडा ताप होता म्हणून ती पोहायला न जाता आजीबरोबर कल्याणीच्या पायरीवर बसली. आम्ही धाकट्याला आणावयास गेलो होतो.

पुढच्या शनिवारी पोहून झाल्यावर थोरली ओल्या केसांनी आमच्याजवळ येऊन बसली. आमचे वर्तमानपत्र तिने हळूच खाली केले.

'बाबा, त्या दरडीवरून तुम्ही उडी मारायचात ना?'

'मारीत असू की.'

'आम्ही म्हणजे कोण?'

आम्ही गप्प राहिलो.

'आजी म्हणाली, तुम्ही कधी नदीत उतरलाच नाहीत.'

कचेरीत सत्तावीस वर्षे आम्ही 'आम्ही' या शब्दाच्या आश्रयाने काढली आहेत. आमचे असे मत आहे, आम्ही असे कळवितो. त्या शब्दाआड कोण उभे आहे हे कोणी विचारीत नाही. लेखणी हाती धरली तरी तीच सवय. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलीने ओल्या हाताने त्या शब्दाला धरले आणि तो तिच्या हातात तसाच सुटून आला.

उडी मारीत असे तो आमचा चुलतभाऊ. आमच्याहून दोन वर्षांनी मोठा. आम्ही त्याला दादा म्हणत असू. भोपळा त्याच्या पाठीला होता. कणसे त्याने आणली होती आणि आम्ही काठावर बसून खाल्ली होती. त्याचा सदरा आणि चड्डी सांभाळण्याचे काम आमच्याकडे असे. १९७० च्या मे महिन्यात एका दुपारी त्याने उडी मारली, आणि आम्ही आकडे मोजीत बसलो. तो किती वेळ खाली राहतो हे मोजण्याचा आमचा रोजचा खेळ होता. त्या दिवशी आम्ही दोनशेपर्यंत मोजले. मग कपडे उराशी धरून घरी पळालो. तो अकरा वर्षांचा होता, आम्ही नऊ. आजीने आम्हांला देवापुढे उभे करून शपथ घातली की घोट्याच्या वर पाण्यात पाय घालायचा नाही. ती मोडण्याचा प्रसंग आम्ही आमच्यावर कधी येऊ दिला नाही. पण गोष्टी मात्र त्याच्या उचलल्या. प्रथम 'तो' असे, मग 'तो आणि मी', मग नुसते 'आम्ही'. चोरी केली असे म्हणावे तर त्या गोष्टी दुसरे कोण सांगणार होते? घरात त्याचे नाव काढण्याची सोय नव्हती. काकू उठून आत जात. आमच्या तोंडी 'आम्ही' झाल्यामुळेच तो डोहाच्या बाहेर राहिला होता. पण हे आज सुचते आहे. त्या शनिवारी हौदाच्या पायरीवर आम्ही मुलीला एवढेच सांगितले की तो दादा होता, आणि आम्ही कपडे सांभाळीत होतो.

सौभाग्यवती ऐकत होती. दादाविषयी तिला ठाऊक होते, गोष्टींविषयी नव्हते. ती काही बोलली नाही. थोरली उठून गेली आणि पुन्हा पाण्यात उतरली. त्या दिवशी चुरुमुरी कोणी मागितली नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही कचेरीतून परतलो तो पलंगावर एक पोहण्याची चड्डी आणि एक निळी रबरी टोपी ठेवलेली. तलावाच्या नियमाप्रमाणे टोपी सक्तीची होती. आमच्या मस्तकाची स्थिती ठाऊक असणाऱ्यांना त्या सक्तीतला विनोद कळेल. मातोश्री माळ ओढीत बसल्या होत्या. त्यांच्याकडे पाहिले तेव्हा त्या म्हणाल्या, 'सासूबाईंनी घातलेली शपथ मी सोडवते. जा.'

सत्तेचाळिसाव्या वर्षी, सहा-सहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत, कमरेएवढ्या पाण्यात आम्ही उभे राहिलो. वाचकहो, अधिकारपदाची वस्त्रे उतरवून ठेवल्यावर माणसाजवळ फार थोडे शिल्लक राहते. मेष्ट्रू समोर आले. त्यांनी छाती फुगवून दाखविली : श्वास आत घेऊन ठेवा. पाण्याचा न्याय साधा आहे. छातीत हवा भरलेली असली की शरीर पाण्याहून किंचित हलके होते आणि पाणी त्याला वर ठेवते. बुडते ते हातपाय झाडणारे, डोके उचलणारे, ओरडून हवा घालवणारे. हे सगळे आम्ही पुस्तकात वाचले होते. गज मात्र दोन्ही हातांनी धरलेला होता.

'कै बिडी, सार.'

आम्ही एक हात सोडला. पलीकडे आमची दोन्ही मुले काठावर बसून आमच्याकडे टक लावून पाहत होती आणि त्यांच्या मांडीवर आमचे कपडे होते.

'बिडी, सार, बिडी.'

किती वेळ गेला हे आम्हांस ठाऊक नाही. थोरली मोठ्याने आकडे मोजीत होती, एवढे ऐकू आले. तिने सहा म्हटले तेव्हा आमचे पाय पुन्हा तळाला लागले होते. सहा हा आकडा काही मोठा नव्हे. मेष्ट्रूंनी आमच्या टोपीवर थाप मारली आणि ते पुढच्या पोराकडे वळले.

त्या उन्हाळ्यात आम्ही हौदाच्या रुंदीची निम्मी मजल मारू शकलो. संध्याकाळचे ढग गडगडले की पाण्यातून बाहेर काढीत, आणि बंगळूरचा मे महिना गडगडाटाच्या बाबतीत उदार आहे. २००९ च्या एप्रिलात पूर्ण रुंदी पार झाली. त्याच वर्षी भाजीवाल्याशी आम्ही प्रथम कानडीत घासाघीस केली. त्यात आम्ही हरलो, पण ती गोष्ट वेगळी.

मे महिन्यात रजा काढून आम्ही सहकुटुंब वाईस गेलो. काकू तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या. दृष्टी अधू झालेली, पण कान तिखट. मुले पोहतात हे त्यांना कोणी तरी कळविले होते. आम्ही विषय टाळीत होतो. धाकटा मात्र टाळणाऱ्यांपैकी नव्हता. तो म्हणाला, 'आजी, बाबापण शिकले.' माजघरात क्षणभर कोणी हलले नाही. एकोणचाळीस वर्षांत काकूंच्या देखत या घरात पाण्याचे नाव निघाले नव्हते.

काकूंनी आमच्याकडे तोंड वळविले. 'खरं का रे?'

'होय, काकू.'

'आणि पाण्यात डोळे उघडे ठेवतोस का? तुझा दादा कधी मिटायचा नाही.'

आम्ही नाही म्हणालो. आम्ही ते घट्ट मिटून घेत होतो. काकूंनी थोडा वेळ थोरलीचा हात हातात घेतला, आणि मग आंबे पाडाला लागले आहेत का ते माडीवर जाऊन बघा, असे मुलांना सांगितले.

रजा संपवून परतल्यावर पहिल्याच शनिवारी आम्ही मेष्ट्रूंच्या समोर कठड्याजवळ उभे राहिलो, छाती भरून घेतली आणि पाण्याखाली जाऊन डोळे उघडले. ते विलक्षण चुरचुरले. खालच्या फरशीवर उन्हाची जाळी हलत होती. हिरवट उजेडात कितीतरी पोरांचे पाय होते, पांढरे, काळे, गोरे, सारखे चाललेले. त्यांत आमच्या दोघांचे पाय कोणते ते ओळखू येईना. आम्ही मोजीत होतो. तीसला वर आलो.